ताजमहालाची मागची बाजू

आमच्या घरात एकदा हावड्याचा पूल चार महिने पडून होता. त्याचं एक टोक ओसरीत आणि दुसरं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकलेलं. माय भाकरीची टोपली घेऊन दिवसातून पन्नासदा तो ओलांडायची आणि दर वेळी बाबांना एक टोमणा हाणायची. "लोकाईच्या घरात शिरलं तं देवघर लागते, माया घरात कलकत्ता लागते," असं ती शेजारणींना सांगे. पण त्या चार महिन्यांत तिचा पाय एकदाही पुलाला लागला नाही, हेही मी पाहिलं आहे.

तो पूल ज्वारीच्या धांड्यांचा होता. वऱ्हाडात लहानपणी धांड्याची बैलगाडी केली नाही असं पोर सापडणार नाही. वाळलेला धांडा सोलायचा, आतला पांढरा, मऊ गाभा वेगळा काढायचा आणि वरच्या कडक सालीच्या सुईएवढ्या बारीक चोया करायच्या. गाभ्यात चोई खुपसली की जोड पक्का. ना खिळा, ना गोंद. बाकीची पोरं दहाव्या-अकराव्या वर्षी हा नाद सोडून क्रिकेटकडे वळतात. माझे बाबा सोडायचं विसरले.

बाबांचं शिक्षण सातवीपर्यंत. तेल्हाऱ्याच्या बाहेर आमचं ओलिताचं दोन एकर वावर. त्यात वांगी, मेथी, भेंडी आणि सांबार, म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर. सकाळी भाजीचा माल गाडीत चढला, मोटर बंद झाली, की हिवाळ्यातल्या दुपारी बाबा ओसरीत विळा आणि धांडे घेऊन बसायचे. त्यांनी गोल घुमट केला, गेटवे केलं, मग हावड्याचा पूल घेतला. हावडाच का, तर अकोला स्टेशनवर जी गाडी बघावी तिच्या पाटीवर हावडा लिहिलेलं असायचं. "एवढ्या गाड्या जातेत तिकडं, तं पायलं पाहिजे ना काय हाय ते," असं त्यांचं म्हणणं. पाहायला म्हणून ते गेले नाहीत. कुठल्याशा दिनदर्शिकेवरचा फोटो मिळवला आणि पूल करून पाहिला.

त्यांची मोजायची पद्धत मला फार उशिरा कळली. फोटो हातात आला की बाबा आधी त्यात माणूस शोधायचे. पुढे उभा असलेला चालायचा नाही. "तो भल्ला मोठा दिसते, त्याच्यावर इस्वास नाही ठेवाचा. भिताडाले टेकून उभा असन, तोच खरं बोलते." असा माणूस सापडला की गवताच्या काडीवर नखाने त्याच्या उंचीची खूण करायची आणि ती काडी चढवत चढवत इमारत किती माणसं उंच, किती माणसं रुंद ते मोजायचं. मग खिशातून हरभऱ्याचा दाणा काढायचा. एक हरभरा म्हणजे एक उभा माणूस. फोटोत जितकी माणसं, धांड्यात तितके हरभरे. फोटोत कुणीच भिंतीजवळ उभं नसेल तर बाबा ती इमारत घेतच नसत.

मी अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले आणि पहिल्याच वर्षी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. स्केल, प्लॅन, एलिव्हेशन हे शब्द तोंडात खेळायला लागले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती बाबांच्या चुका काढायच्याच तयारीने. फूटपट्टी घेऊन हावड्याच्या पुलाजवळ बसले, पुस्तकातले आकडे समोर ठेवले आणि खांबांची उंची मोजली. मग दोन खांबांमधलं अंतर मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं, कारण माझंच काहीतरी चुकलं असणार असं मला वाटलं. फरक बोटभराचाही निघाला नाही. एक हरभरा आठ मिलिमीटरचा धरला तर बाबांचं स्केल एकास दोनशे येत होतं. आमच्या ड्रॉइंगच्या वर्गात तेच चाललं होतं.

मी ओसरीत तशीच बसून राहिले. ज्या माणसाच्या हाताला वांग्याच्या काट्यांनी भेगा पडलेल्या, ज्याने तो पूल जन्मात पाहिला नव्हता, त्याने दिनदर्शिकेवरून तो बरोब्बर दोनशे पटींनी लहान करून आणला होता. मी बाबांना एकास दोनशे म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"हाव काय? मंग तुमच्या कॉलेजातबी हरभरेच वापरतेत?" त्यांनी विचारलं.

इतकं सगळं खरं असलं तरी बाबांच्या इमारतींत एक गोष्ट साफ चुकीची असायची. त्यांची मागची बाजू. फोटोत पाठ दिसत नाही, आणि फोन त्यांना मानवत नव्हता. "बोट लागलं का चित्र पळते," म्हणून ते हात लावायचे नाहीत. तेव्हा पाठ ते मनाने करायचे, आणि त्यांच्या मनातली पाठ आमच्या गल्लीतली होती. आमच्याकडे घराला समोरून गिलावा, रंग, दारावर नक्षी, आणि मागे उघड्या विटा. तिथे एक लहान दार, धुणं धुवायचा दगड आणि कपडे वाळत घालायची दोरी. बाबांनी गोल घुमटाला हे सगळं दिलं होतं. गेटवेलासुद्धा मागून एक दार होतं. मी हसले तर ते चिडायचे. "मांगचं दार नसन तं बाया पाणी कोठून आणतीन? आन मांग रंग काहून लावाचा? मांग कोन पायते?"

त्यानंतर त्यांनी ताजमहाल केला. दोन हिवाळे लागले. समोरची बाजू सगळी गाभ्याची, पांढरीशुभ्र. घुमट गाभ्याच्या चकत्या एकावर एक जोडून काचेच्या तुकड्याने घासून गोल केलेला. भिंतींवरची वेलबुट्टी तापल्या सुईने काढलेली, इतकी बारीक की माय चष्मा लावून मोजत बसायची. आणि मागे न सोललेले पिवळे धांडे, बोटभर दार, दोन खुंट्यांना बांधलेला दोरा आणि वावरातल्या विहिरीजवळून आणलेला एक काळा खडा. शाहजहानच्या घरचा धुण्याचा दगड.

मी तिसऱ्या वर्षाला असताना अमरावतीत एका सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. मी आपणहून बाबांच्या ताजमहालाचं नाव दिलं. मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तो मी एसटीत मांडीवर घेऊन आले. त्याचंही अर्धं तिकीट फाडतो म्हणून कंडक्टरने मला थट्टेत धमकावलं. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत मी तो उघडा केला आणि मागची बाजू बघून आधी खोलीचं दार लावून घेतलं. आमचे सर येणार, वर्गातली सगळी येणार, आणि ताजमहालाला धुण्याची दोरी! माझ्या नाकावर तेव्हा राग नसला तर लाज असायची. मी मोबाइलवर खरी मागची बाजू काढली. ती पुढच्यासारखीच आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग मी ब्लेड घेतलं. दार कापलं, दोरी कापली, पिवळे धांडे निम्मे सोलून काढले आणि तिथे कमानीचं छापील चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून लावलं. गोंदाने. दार, दोरी आणि खडा मी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात टेबलं भिंतीला लावून मांडलेली होती. ताजमहालाच्या पाठीला भिंत. मागून तो कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. लोक समोर थांबायचे, वाकायचे, "हे धांड्याचं आहे?" म्हणून पुन्हा वाकायचे. एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. मला कोण अभिमान वाटत होता.

अकरा वाजता बाबा आले. तेल्हाऱ्याहून पहाटेच्या गाडीने, धुवट पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी. त्यांनी समोरून ताजमहालाकडे पाहिलंसुद्धा नाही, तो त्यांना पाठच होता. ते टेबल आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत आडवे होऊन शिरले. मी म्हटलं, "बाबा, तिकडं नका जाऊ." ते गेले. जरा वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्याला भिंतीचा चुना लागला होता.

"बरं केलं," ते म्हणाले. "चांगलं दिसते."

मग खांदा झटकत म्हणाले, "खडा तं ठेवला असशीन?"

"हो, ठेवलाय," मी म्हटलं.

तीनच्या गाडीने ते परत गेले. त्या हिवाळ्यात त्यांनी काहीच केलं नाही. वांग्यावर कीड पडली होती, वेळ नव्हता म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे उत्तम होते, वांग्यावरची अळी त्यांना दहा हातांवरून दिसायची. मायने फोनवर मला विचारलं, "काय झालं वं त्या अमरावतीले? कोनी काही बोललं काय त्याईले?" कुणी काही बोललं नाही, असं मी सांगितलं. ते खरंच होतं.

मला खरी भीती वाटली ती जुलैमध्ये वावरात गेले तेव्हा. हल्ली आमच्या भागात सगळीकडे कापूस आणि सोयाबीन. ज्वारी कुणी पेरत नाही. पण बाबा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधाकडेने, दोन तासं, म्हणजे दोन ओळी, ज्वारी हमखास पेरायचे. कणसं पाखरांना आणि धांडे त्यांना. त्या वर्षी धुऱ्यावर तूर होती. मी तिथे उभी राहिले आणि मला कळून चुकलं की या माणसाने हे काम आता कायमचं सोडलंय आणि ते मी सोडायला लावलंय. त्यांच्या हातातलं ते जाण्यापेक्षा माझी इंजिनिअरिंगची पदवी गेली असती तर बरं, असं मला वाटलं. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. एका संध्याकाळी ब्लेड चालवून मी काय तोडलं ते मला तेव्हा दिसलं.

तीन वर्षं अशी गेली. मला अकोल्यात नोकरी लागली, लहान पूल आणि मोऱ्यांची डिझाइनं करणाऱ्या ऑफिसात. जठारपेठेत एक खोली घेतली. बाबा भाजीची पिशवी घेऊन यायचे, खुर्चीवर बसायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. ते रिकामे हात माझ्याच्याने बघवत नसत. मी उठून चहा ठेवायला जायची.

शेवटी मी आग्र्याची तीन तिकिटं काढली. बाबा नको म्हणाले. "फोटोत पायला ना." मायने मात्र लुगडं पिशवीत भरलं. "चाला. दोन हिवाळे मी याच्यापायी खोलीत झाडू मारला नाही, पाहू तं द्या कसा हाय." भुसावळला गाडी बदलून आम्ही जानेवारीत आग्र्याला पोचलो.

फाटकावर झडती झाली. बाबांच्या खिशातून सात-आठ हरभरे निघाले. आत खायचं नेता येत नाही, असं पहारेकऱ्याने सांगितलं. "खाने का नहीं साहब, मोजने का है," बाबा म्हणाले. तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने एक दाणा त्यांच्या तळहातावर परत ठेवला. तीन वर्षं धांड्याला हात न लावलेल्या माणसाच्या खिशात हरभरे होते. मी मायच्या पिशवीची चेन लावत राहिले. बोलले असते तर त्यांनी तोही टाकून दिला असता.

ताजमहाल समोर आला तेव्हा माय "अगं माय वं" म्हणून जागीच थांबली. मीही थांबले. इतके फोटो पाहून, आकडे पाठ करून गेलेली मी, पण ते पांढरं प्रचंड काहीतरी असं अलगद उभं होतं की मला आकडे आठवेनात. बाबा मात्र थांबले नाहीत. "हे तं फोटोत हाय," म्हणाले आणि गर्दीतून तरातरा पुढे निघाले. बुटांवर घालायच्या कापडी पिशव्या त्यांनी चपलांवर चढवल्या. चौथऱ्याच्या पायऱ्या चढताना फक्त एवढंच म्हणाले, "पायऱ्या इकडूनच हायत." आणि डाव्या हाताने वळसा घेऊन ते मागे गेले. मी त्यांच्या मागोमाग पळत होते.

मागे माणसं थोडी होती. खाली यमुना, तिच्यावर धुकं. बाबा कठड्यापर्यंत गेले, नदीकडे पाठ केली आणि वर पाहिलं.

मागची कमान समोरच्या कमानीएवढीच होती. तेच संगमरवर, तीच अक्षरं, त्याच वेली, तीच लाल-हिरवी फुलं. बाबांनी खिशातला दाणा काढला, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका माणसावर तो हरभरा धरला. मग हळूहळू हात वर नेत मोजायला लागले. ओठ हलत होते. घुमटापाशी पोचता पोचता आकडा चुकला. पुन्हा खालून सुरुवात केली. पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी त्यांनी हात खाली घेतला आणि तसेच फरशीवर बसले.

"मांगूनबी तोंडच हाय याले," ते म्हणाले.

मी शेजारी बसले.

"इकडं निस्ती नदी हाय वं. कोन येत असन पाहाले? तरी त्याईनं एक फूल कमी नाही केलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, अतिवृष्टीत सगळी वांगी सडली तेव्हाही नाही.

मला राहवलं नाही. "बाबा, मी तुमची मागची बाजू कापायला नको होती," मी म्हटलं. "आणि तो खडा मी ठेवला नव्हता. फेकला होता."

"मालूम हाय मले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू खरं तेच लावलं होतं." ते अजून वरच बघत होते. "मले वाटलं, मी जे पायलं नाही ते बनवाचा मले काय हक हाय. सगळ्याईची पाठ मी आपल्या घरासारकी करून ठेवली. आन माया पोरीले जे दिसते, ते मले दिसत नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "पन तू इच्चारलं असतं ना, तं मीच काहाडली असती. तुले पुठ्ठा लावा लागला नसता."

तेवढ्यात माय आम्हाला शोधत आली आणि दोघांचे चेहरे बघून काय समजायचं ते समजली. "सारं इथंच पाहून घेता का घरीबी याचं हाय?" ती म्हणाली. आम्ही दिवस मावळेपर्यंत मागेच बसलो होतो.

त्या पावसाळ्यात धुऱ्यावर ज्वारी पेरली गेली. बाबांनी मला कळवलं नाही, मायने कळवलं. मी मुद्दामच घाई केली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तेव्हा एका रविवारी तेल्हाऱ्याला गेले. ओसरीच्या मधोमध पाटावर ताजमहाल होता. नवा, अख्खा गाभ्याचा. कुठेही पिवळा धांडा नाही. मी खाली बसून पाटाभोवती सरकत गेले. एक बाजू बघितली, दुसरी, तिसरी, चौथी. चारी बाजूंना तीच कमान, तीच सुईने डागलेली वेल. एका कमानीच्या कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, फुलाला पाच पाकळ्या होत्या. मी पलीकडच्या बाजूला जाऊन मोजल्या. तिथेही पाचच. ऑफिसात मी जे पूल करते ते सगळे खरे, लोखंडाचे आणि सिमेंटचे, पण असं काम माझ्या हातून या जन्मी व्हायचं नाही.

बाबांनी पाटाखालून बोटभर लांबीचा पायऱ्यांचा तुकडा काढला. चौथऱ्याला तेवढाच लावायचा राहिला होता.

"सांग, कोणीकडून लावू?"

मी पुन्हा एक फेरी मारली. मला समोर आणि मागे ओळखू येईना. मी सवयीप्रमाणे वैतागले. "बाबा, सांगा ना! समोरची बाजू कोणती?"

"मलेबी नाही मालूम आता," ते म्हणाले. त्यांनी तो तुकडा आणि एक चोई माझ्या तळहातावर ठेवली. "तू लावशीन तिकडून समोर."

तुकडा इतका हलका होता की हातात काही आहे असं वाटत नव्हतं. मी चोई धरली, एका बाजूला टेकवली आणि थांबले.

"इथं लावू, बाबा?" मी विचारलं.